दुसऱ्या रातीचा राष्ट्रपती

नागपूर
ता. ७ मे १९५३

कमळास,

मास्तरनं शाळेत शिकवलं होतं का पत्राच्या माथ्यावर ‘इकडील सर्व ठीक’ असं लिहावं. ते मी लिहत नाई. तू म्हणशीन, याचं ठीकच असन, बिघडलं ते आमचं. विहिरीवर तू चारचौघीत बोलली, ‘मुखरू, आमच्या दारी पाय ठेवू नको.’ नाई ठेवला. पत्राले पाय नसते म्हणून हे धाडून राह्यलो. चौथी नापासाचं अक्षर हाय, सांभाळून घे.

मी नागपुरात हाय. आधी हाटेलात कपबश्या धुतल्या, आठ दिवसात सोडलं. मंग एका टालावर लाकडं फोडली, तेबी सोडलं. आता मालधक्क्यावर कापसाच्या गाठी चढवतो. हे किती दिवस टिकन सांगता येत नाई. एका जागी बसलो का त्या सकाळची आठवण येते, अन् चालत राह्यलो का जराक मांगं पडते.

लटारूले भेटाले जेलावर गेलतो. तुले वाटन, आता भाऊ कसा हाय ते लिहीन. पण मी भेटलो नाई. दाराशी शिपायानं पुसलं, ‘कैदी तुमचा कोण लागतो?’ नदीत पोहाले त्यानंच मले शिकवलं, माह्या बापाच्या तिरडीले खांदाबी त्यानं देल्ला, पण दोस्त हा शब्द तोंडातून निघेना. मांगं लाइनीत एक बाई होती. ती म्हणली, ‘बोला ना भाऊ, माह्यावाला नंबर जाऊन राह्यला.’ मी बाजूले झालो अन् तिले जागा देल्ली.

आता त्या सकाळचं माह्या बाजूनं एकडाव ऐक. तू मंडपात होती, बायांच्या बाजूनं, तू सारं पाह्यलं. पण खुर्चीत बसून मंडप कसा दिसते ते तुले मालूम नाई.

पटाचे दिवस. दिवसा बैल धावले अन् रातभर नाटक. गुणवंतराव मास्तरनं पेपर वाचून वाचून ‘राष्ट्रपती’ नावाचं तीन रातीचं नाटक लिहलं होतं. लोकाईनं नुकतंच पह्यल्यांदा मत टाकलं होतं, तवा मास्तर म्हणे, राजा-राणीचं आता पुरे झालं, ज्याले आपण निवडतो त्याचं नाटक पायजे. सोमाजी पाटील म्हणला, ‘मास्तर, कंबरेले तलवार नाई त तो मोठा हाय हे लोकाईनं वळखावं कसं?’ पडदे-पोशाख भाड्यानं देणाऱ्या लियाकतभाईच्या बैलबंडीत पडदे बारा अन् राजाचे पोशाख वीस होते, राष्ट्रपतीचा एकबी नोता. म्हणून मले राजाचाच जरीचा कोट घातला अन् वरून पांढरी टोपी. खुर्ची पाटलाची. पह्यल्या राती निवडणूक झाली. दुसऱ्या राती दरबार. तिसऱ्या राती राष्ट्रपती खुर्ची सोडून पायी आपल्या गावी येते, असं होतं.

दरबार चालता चालता फटफटलं. मास्तरनं लिहलेले तीन अर्जवाले येऊन गेले. चवथा लिहलाच नोता. तेवढ्यात तुही माय बांबूखालून वाकून स्टेजवर चढली, हातात कागद. लोक हासले. पडद्यामांगून मास्तर फुसफुसला, ‘बुढीले उतरव गा.’ मले वाटलं, सुकरी मावशी नाटकातच आली. पटाच्या नाटकात लोक चढतेच, कोणी नटाले हार घालते, कोणी नारळ देते.

‘साहेब,’ मावशी म्हणली. जिनं लहानपणी माह्यं नाक पुसलं ती मले साहेब म्हणली. ‘एका सागाच्या खांबापायी माहा लटारू चार वर्षाले गेला. जंगलाचा नाकेदार आपल्याच पायानं नाल्यात पडला, नाव लटारूचं घेतलं. वकिलानं अपिलाचा कागद केला, आंगठा घेतला, अन् म्हणला, गावच्या मोठ्या माणसाची सही आणा. सोमाजी पाटलानं तीनदा परत लावलं. तुम्ही त पाटलाहून मोठे.’

मी मास्तरचं वाक्य म्हणलो, ‘माते, तुझं दुःख ते या देशाचं दुःख.’ टाळ्या पडल्या. मंग मी कागद घेतला अन् तिच्या आंगठ्याजवळ सही केली, ‘राष्ट्रपती’. भोपळ्याच्या फोडीवर कोरलेला सिंहाचा शिक्का होता, उठायचा मांजरासारखा, तोबी मारला. अन् खुर्चीवरून उठून म्हणलो, ‘जा माते. लटारू सुटला.’ पुढच्या रांगेतले बुढे धोतरानं डोळे पुसत होते.

वकिलानं होळीच्या आत कागद चांद्याले आणून द्याले सांगतलं होतं, हे मले मालूम नोतं. मावशी कागद न घेताच उतरली. तिले वाटलं, सरकारले देल्लेला कागद सरकारजवळच राह्यते. मी तो कोटाच्या खिशात टाकला. सकाळी कोट लियाकतभाईच्या बंडीत बसून ब्रह्मपुरीले गेला. म्हणजे मावशीनं चांद्याले जायाचं कामच उरलं नाई, तिचा पोरगा त सुटलाच होता. होळी झाल्यावर तू मास्तरले घेऊन वकिलाकडं गेली, तवा तारीख निघून गेलती.

कागद पुढं कुठी गेला ते मले मालूम नाई. हे खरं लिहून राह्यलो.

दुसऱ्या दिवशी सतरा माणसं कागद घेऊन मंडपापुढं उभी राह्यली, तवा मास्तर घाबरला अन् तिसरी रात बंद केली. त्या सतरा जणाईचं काई बिघडलं नाई. ज्याचा त्याचा कागद घेऊन घरी गेले. मावशी तेवढी आधी चढली होती.

मुखरू


दिल्ली
ता. १९ फेब्रुवारी १९५४

कमळास,

तुह्यं उत्तर आलं नाई. मंग ध्यानात आलं का मी मांगच्या पत्रात पत्ताच लिहला नोता. म्हणजे उत्तर येऊच नये असं माह्या मनात असन.

आता पत्ता खाली लिहतो. मी दिल्लीले हाय. नागपूरचा मालधक्का सुटला, गोंदियाले एक ठेकेदार माणसं भरून राह्यला होता, त्याच्या डब्यात चढलो. इथी सरकारी हापिसं बांधून राह्यले. दगडं वाहतो. थंडी अशी का सकाळी घमेलं हाताले चिकटते. संग वडस्याचा मंगरू हाय. तो म्हणते, ‘तुह्या पायात भवरा हाय का गा? पंधरा दिवस झाले का तुह्यी गठडी बांधलेलीच दिसते.’ पण इथी मी गठडी सोडली. कारण सांगतो.

परांचीवर चढलो का दूर एक घुमट दिसते. पह्यल्या दिवशी मी मंगरूले पुसलो, हे कोणतं देऊळ? तो हासला. ‘अबे, राष्ट्रपती राह्यते तिथी. खरा वाला.’ मी दगड घेतलेला तसाच उभा. मुकादमनं खालून शिवी देल्ली तवा हाललो.

कमळा, मांगच्या पत्रात मी एक खोटं लिहलं. कागद कुठी हाय ते मले मालूम हाय. माह्याजवळ हाय. गाव सोडताना ब्रह्मपुरीले लियाकतभाईच्या घरी गेलतो. त्यानं कोट झटकून कागद आधीच काढून ठेवला होता. सईदाभाभीनं कुराणाच्या फळीवर ठेवला होता, म्हणे कोणाचा तरी आंगठा हाय, इकडं तिकडं पडाले नको. लियाकतभाई म्हणला, ‘लो राष्ट्रपतीजी, आपका कागज. पढा मैंने. बुढिया का असली है क्या?’ मी म्हणलो, असली. त्यानं माह्याकडं लय वेळ पाह्यलं अन् चहा पाजला. होळी होऊन गेलती तवा. होळीनंतरच गेलतो मी.

कागद मेणकापडात गुंडाळून मी पेटीत ठेवला हाय. आता तू समजली असशीन मी इथी काऊन थांबलो. ज्याची सही खोटी केली त्याच्याच गावात देवानं मले आणून टाकलं. मी कागद घेऊन तिथी जातो. अपिलाची तारीख गेली तरी दयेचा अर्ज राह्यते म्हणे, मंगरूच्या ठेकेदाराचा मुन्शी सांगत होता. राष्ट्रपतीनं मनात आणलं त फाशीवाल्यालेबी सोडते. लटारू त एका खांबाचा चोर.

मावशीले आत्ताच काई सांगू नको. मी काम करून लिहतो.

मुखरू

पत्ता: मंगरू दुधे, मजूर वस्ती, सरकारी हापिसाच्या कामाजवळ, नवी दिल्ली. (माह्या नावानं नको, मी कवा इथून निघीन सांगता येत नाई.)


दिल्ली
ता. २ सप्टेंबर १९५४

कमळास,

हे पत्र मावशीले मोठ्यानं वाचून दाखव.

मावशी, तुमचं काम झालं. मी कागद देऊन आलो. सकाळी आंघोळ केली, मंगरूचा सदरा घातला अन् गेलो. मोठ्ठा दरवाजा, त्याच्यावर सिंह. लाल गालिचा होता. राष्ट्रपती कामात होते, पण त्याईचे मोठे साहेब भेटले. जरीच्या खुर्चीवर बसले होते. मी कागद देल्ला. त्याईनं तुमचा आंगठा पाह्यला अन् खुर्चीवरून उठले. म्हणले, ‘तुमच्या मावशीचं दुःख ते या देशाचं दुःख.’ मंग त्याईनं खरा शिक्का मारला. आता कागद दिल्लीहून नागपूरले जाईन, नागपूरहून जेलात, अन् लटारू घरी येईन. सरकारी कागद हाय, जराक वेळ लागन. चिंता करू नका.

कमळा, मावशी ऐकून काय म्हणली ते लिह. तेवढं तरी लिह.

मुखरू


दिल्ली
ता. १४ नोव्हेंबर १९५५

कमळा,

तू नाई लिहलं, मास्तरनं लिहलं. कार्ड परवा आलं. त्याचं अक्षर आता कापते. त्यानं लिहलं ते तसंच्या तसं उतरवून राह्यलो, कारण मले ते एकट्यानं वाचवत नाई:

‘मुखरू, तुझे पत्र आल्यापासून सुकरीबाई रोज घाटावर जाऊन बसते. डोंगा लागला की उभी राहते, माणसे उतरून गेली की बसते. फडक्यात लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून नेते, कारण लटारूला आवडतात. संध्याकाळी ते डोंगेवाल्याला देऊन घरी येते. वर्ष होऊन गेले. सोमाजी पाटलाने स्वतः जाऊन समजावले, तर त्याला म्हणाली, तुम्ही पाटील, तुम्हाला दिल्लीचे काय ठाऊक. कमळाचे लग्न दोनदा जमत आले होते, लटारू आल्यावर करू म्हणून आईने दोन्ही वेळा मोडले. तू खरोखर कागद दिलास का? मी तुझा गुरुजी आहे, मला खरे सांग.’

मास्तरले काय सांगू? तुलेच सांगतो.

मी देल्ला नाई.

गेलो होतो, येवढं खरं. आंघोळ केली, मंगरूचा सदरा घातला, तेबी खरं. पण गालिचा-बिलिचा काई नोता. म्हणजे अंदर असन, मी अंदर गेलोच नाई. बाहीर शिपाई होता. मले वाटलं होतं का हाकलन, शिवी देईन. त्यानं पुसलं, ‘क्या काम है भाई?’ मी म्हणलो, अर्जी है. तो म्हणला, ‘उधर चले जाओ, बाबू बैठे हैं, दे दो. रसीद मिल जाएगी.’ इतकं सोपं होतं. वीस पावलं असन. दोन माणसं माह्यापुढं देऊन गेलीबी. एक त शेतातला माणूस होता, पायात जोडाबी नोता.

मंग मी मेणकापड उकललं. कागद पाह्यला. खाली माह्या अक्षरात लिहलं होतं ‘राष्ट्रपती’. अन् बाजूले मांजर. राष्ट्रपतीच्या दारात, राष्ट्रपतीची खोटी सही केलेला कागद मी त्याच्याच बाबूले देऊन राह्यलो होतो. मले वाटलं, हा पुसन, ही सही कोणाची? लटारूच्या बाजूच्या कोठडीत मलेबी टाकन, अन् लटारू पुसन, तू कसा आला गा? मी कागद गुंडाळला अन् परतलो. शिपाई मांगून म्हणला, ‘क्या हुआ, नहीं दिया?’ मी म्हणलो, कल आऊंगा. त्यालेबी खोटंच बोललो.

दुसरा कोरा अर्ज लिहता आला असता. मंगरूच्या मुन्शीनं लिहून देल्ला असता. हे मले त्याच दिवशी सुचलं होतं, मांगून नाई. पण कोऱ्या कागदावर मावशीचा आंगठा कुठून आणू, असं मी मलेच सांगतलं. आंगठा गावावरून मागवता आला असता. पण मंग तुले लिहा लागलं असतं का आतापर्यंत मी काईच केलं नाई.

त्याऐवजी मी ते पत्र लिहलं. कागद लिहाले घेतला अन् वाक्य आपोआप आलं, ‘देशाचं दुःख’. जसं त्या सकाळी आलं तसं. मी दुसऱ्यांदा तेच केलं कमळा. पह्यल्या डावाले निदान टाळ्या होत्या.

तिले सांग. तू सांग, माह्या तोंडून ते होत नाई. घाटावरून तिले घरी ने.

अन् आणखी एक. स्टेजवर मी तिले नाटकातली समजलो, असं मी तुले लिहलं होतं. तो जो कागद तिनं पुढं केला त्याच्यावर कोर्टाचा स्टांप होता, हिरवा. नाटकात असा कागद कोणी आणत नाई. मी पाह्यला होता. पाहून मंग सही केली.

मुखरू


दिल्ली
ता. २३ डिसेंबर १९५६

कमळा,

तुह्यं पत्र आलं. चार वर्षांत पह्यलं. मी ते वाचलं, मंग मंगरूकडून वाचून घेतलं, कारण मले वाटलं माह्यंच वाचणं चुकलं. मंगरूनं वाचलं अन् घमेलं घेऊन चालला गेला. नाई त तो असा माणूस नोहे, मढ्यालेबी टोमणा मारीन.

तू लिहलं: ‘माय दिवाळीच्या आठ दिवस आधी गेली. दादा दिवाळीनंतर तिसऱ्या दिवशी आला. शिक्षा थोडी माफ झाली होती, चांगल्या वागणुकीची. घाटावर मीच गेलती, मायच्या जागी. डोंग्यातून उतरल्यावर तो माह्या मांगं पाहे. तुह्यं ते मांगून आलेलं पत्र, खरंवालं, मी मायले वाचून दाखवलं नाई. मी तुलेच शिव्या देत बसली दोन दिवस, अन् मंग मीच तिले म्हणली, कागद निघाला हाय, वाटंत हाय. रोज म्हणत गेली. नाटक तुलेच येते असं नाई. तो कागद असन त धाडून दे. मायचा फोटो नाई, तिच्या हाताचं काईच नाई. आंगठा तेवढा त्याच्यावर हाय. दादाले पाह्याचा हाय.’

अकरा दिवस. मी कितीकडून मोजले, अकराच होते.

तू स्वताले माह्या रांगेत बसवू नको. तू खोटं बोलली ते तिनं वडे बांधून उठावं म्हणून. मी बोललो ते मले कोणी वाईट म्हणू नये म्हणून. दोन्ही एक नाई.

कागद धाडतो. पण त्याच्याआधी एक गोष्ट राह्यली हाय. ती सांगतल्याबिगर धाडला त तो कागदबी खोटा होईन.

लियाकतभाईकडून कागद मी होळीनंतर आणला असं लिहलं होतं. होळीच्या आधी आणला. दोन दिवस आधी. गावात पोरं लाकडं जमवून राह्यली होती, माह्याच घरचं मोडकं दार त्याईनं पळवलं, म्हणून मले दिवस पक्का याद हाय. कागदावर तारीख लिहलेली होती, वकिलानं लाल शाईनं दोन रेघा मारल्या होत्या तिच्याखाली. ब्रह्मपुरीहून सकाळची छोटी रेल्वे धरली असती त दुपारी चांद्याले पोचलो असतो. कागद खराब झाला होता, पण वकील दुसरा करू शकला असता, मावशीले संग नेली असती त आंगठाबी तिथंच झाला असता. दोन दिवस माह्या हातात होते.

मी काय केलं सांगू? मावशीच्या घरापर्यंत आलो. ती अंगणात होती. मले पाहून हासली अन् म्हणली, ‘ये गा राष्ट्रपती. लटारू कोणत्या दिवशी पोचन, काई सांगतलं का तुले?’ चेष्टा करत होती का खरं पुसत होती, आजवर मले समजलं नाई. मी म्हणलो, पोचन मावशी, होळीले पोचन. तिनं मले वडा देल्ला. मी खाल्ला. कागद त्या वेळेस माह्या सदऱ्यात होता, पोटाले लागत होता.

चांद्याले गेलो असतो त वकिलाले सांगा लागलं असतं का ही सही माही हाय. वकील कोर्टात सांगन, नाव पेपरात येईन, मले धरन. येवढ्याच भेवानं. दुसरं कारण मी लय शोधलं, चार वर्ष शोधलं, नाई सापडलं.

अन् लटारूले हेबी सांग, नाई त मी सांगीन. राष्ट्रपतीचं काम आधी त्याचं होतं. मास्तरनं त्यालेच देल्लं होतं, उंच म्हणून, आवाज म्हणून. मी त्या नाटकात चोपदार होतो, भाला धरून उभा राह्याचं. लटारूले धरून नेलं तवा मले वाईट वाटलं. रडलोबी, तू पाह्यलं. पण रडता रडता ध्यानात आलं का आता कोट मले येईन. ते ध्यानात आलं अन् रडणं जराक कमी झालं. ते मी कोणाले सांगतलं नाई.

आता कागदाचं. तो तुमच्या घरी जायाचा, म्हणून माही सही अन् तो मांजराचा शिक्का कापून टाकावा असं माह्या मनात होतं. मावशीचा आंगठा तेवढा राहावा, स्वच्छ. मुन्शीची कैची आणली. पण पाह्यलं त शिक्का बाजूले हाय, तो कापता येते, कापला. सही नाई कापता येत. मी त्या सकाळी घाईत इतकी जवळ केली का ‘ती’ची वेलांटी तिच्या आंगठ्याच्या रेघात घुसली हाय. सही कापली त आंगठा फाटते. तीनदा कैची धरली अन् तीनदा ठेवली. तसाच धाडून राह्यलो. तुम्हाले आंगठा पाह्याचा असन त बाजूले माह्यं अक्षरबी दिसन. त्याले इलाज नाई. लटारूले म्हणा, बोट ठेवून झाक अन् मंग पाह्य.

इथवर लिहून मंग डाकघरात गेलो अन् कागद अलग रजिस्टर करून धाडला. डाकघरातल्या बाबूनं पुसलं, आत काय, काई मोलाचं? मी म्हणलो, एक जुना अर्ज हाय. तो म्हणला, अर्जाले रजिस्टर कशाले. मी पावती घेतली अन् निघालो.

तिसऱ्या रातीचं नाटक झालं नाई, पण मले पाठ हाय. त्यात राष्ट्रपती पायी गावी येते, अंगावर कोट नसते, अन् त्याले कोणी वळखत नाई. तालमीत मी मास्तरले पुसलं होतं, ‘याच्यात टाळ्या कुठी हाय?’ मास्तर हासला. म्हणला, ‘टाळ्या दुसऱ्या रातीपर्यंतच असते लेका.’ तवा मले तो भाग फिक्का वाटला होता.

पटाच्या दिवसात येतो. आता आपला जिल्हा मुंबईच्या राज्यात गेला म्हणते, पण नदी तिथीच असन. पटाले नाई येत, मंडपात नाई येत. आधी तुमच्या दारी येतो. तू विहिरीवर जे म्हणली होती ते मी विसरलो नाई, म्हणून अंगणाबाहीर उभा राहीन. लटारूनं बाहीर यावं. हे पत्र तू त्याले वाचून देशीनच, तरी मी माह्या तोंडानं एकडाव म्हणीन. मंग तो मारन त मार खाईन, अन् काईच न बोलता अंदर गेला तरी उभा राहीन.

उत्तर धाडू नको. कोणत्या दिवशी येईन तेबी लिहत नाई, मुद्दामच. डोंगा लागन तवा घाटावर माह्यासाठी कोणी उभं राहू नका.

मुखरू